शंभर घोडे, चार अंश

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या गॅरेजांमध्ये एक ठोकताळा वर्षानुवर्षं चालत आला आहे. इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडून ताकद ५० अश्वशक्तीने वाढवायची असेल, तर ठिणगीचं टायमिंग साधारण २ अंश मागे घ्यायचं. १०० अश्वशक्तीला ४ अंश, १५० ला ६, २०० ला ८. बेचा पाढा येणाऱ्या कुणालाही जमेल असा हिशेब. पण त्यात गफलत झाली तर पिस्टनला भोक पडतं. १०० अश्वशक्ती म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी हॅचबॅकचं अख्खं इंजिन. बटण दाबताच ते शर्यतीच्या गाडीत येऊन बसतं, आणि ते मानवणार की बाधणार हे या ४ अंशांवर ठरतं. तेव्हा ४ अंश म्हणजे नेमके केवढे, हे एकदा मोजूनच बघू.

मोजमापाला इंजिन घेऊ शेव्हरोलेचं ३५०. १९६७ च्या कॅमारोबरोबर ते बाजारात आलं. आठ सिलिंडर, ५.७ लिटर, बोअर १०१.६ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.४ मिलिमीटर. ज्या 'स्मॉल ब्लॉक' घराण्यातलं हे इंजिन, ते घराणं १९५५ पासूनचं. त्यातलं दहा कोटीवं इंजिन २०११ मध्ये बनलं. नायट्रसवाल्यांचंही हे जुनं लाडकं इंजिन.

त्याच्या क्रँकच्या पुढच्या टोकाला एक जाडजूड गोल डँपर असतो आणि त्याच्या कडेवर अंशांच्या खुणा कोरलेल्या असतात. डँपर ८ इंची असेल तर त्याचा घेर ६३८ मिलिमीटर. त्याचे ३६० भाग केले की एका अंशाच्या वाट्याला येतात १.८ मिलिमीटर. टायमिंग लाइट एक नंबरच्या प्लगच्या वायरीला अडकवून डँपरवर धरला की ठिणगीगणिक दिवा चमकतो आणि गरगर फिरणारा डँपर जागच्या जागी थबकल्यासारखा दिसतो. मग ठिणगी वाटणाऱ्या डेल्कोचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचा, बोल्ट सैल करायचा, डेल्को हाताने किंचित फिरवायचा आणि ३४ ची खूण जिथे दिसत होती तिथे ३० ची आणायची. कडेवरचा फरक सात मिलिमीटर. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तो स्वतः फिरतो फक्त २ अंश. एवढ्याशा मनगटाच्या हालचालीला टायमिंग ४ अंश मागे घेणं म्हणतात.

सिलिंडरच्या आत हा फरक आणखी बारीक होतो. पिस्टन सगळ्यात वर पोचायच्या ३४ अंश आधी ठिणगी पडते, तेव्हा तो माथ्यापासून ९.७ मिलिमीटर खाली असतो. ३० अंशांवर पडली तर ७.६ मिलिमीटर खाली. फरक दोन मिलिमीटरचा.

आता वेळ. ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेरे मारतो. एक अंश फिरायला त्याला २७.८ मायक्रोसेकंद लागतात, ४ अंशांना १११. सेकंदाचे दहा लाख भाग करून त्यातले एकशे अकरा. एवढ्या वेळात आवाजसुद्धा हवेतून जेमतेम चार सेंटिमीटर पुढे सरकतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० ठिणग्या पडतात, आठांत मिळून ४००. ओढणं, दाबणं, जाळणं, ओकणं हे एका सिलिंडरचं पुरतं चक्र ७२० अंशांचं आणि २० मिलिसेकंदांचं. आपले ४ अंश त्याचा एकशे ऐंशीवा भाग.

इतक्या बारीक फरकाने एवढं काय बिघडतं, हे समजायला ठिणगी आधी का पाडतात ते बघावं लागेल. पेट्रोल सिलिंडरमध्ये एकदम 'फुटतं' असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात ते पेटत जातं. प्लगच्या टोकाशी ज्वाळेचा एक बारीकसा गोळा तयार होतो, तो फुगत भिंतींकडे सरकतो. चढ्या आरपीएमला आत जी घुसळण चाललेली असते, तिच्यात या ज्वाळेचा वेग सेकंदाला ३०-४० मीटरच्या आसपास असतो. ३५ मीटर धरले तर ताशी १२६ किलोमीटर. जायचं अंतर पाच-सहा सेंटिमीटर. तरीही सुरुवातीची रेंगाळ धरून सगळं जळायला दीडेक मिलिसेकंद जातो आणि तेवढ्यात क्रँक पन्नास-साठ अंश फिरून मोकळा होतो. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पाडावी लागते. दाबाचा कळस पिस्टन माथ्यावरून उतरायला लागल्यावर, साधारण १५ अंशांवर यावा, हे सगळ्या खटाटोपाचं उद्दिष्ट. त्या जागी क्रँकचा हात ढकल घ्यायला तयार असतो.

म्हणजे आपल्या इंजिनात ठिणगी ३४ अंश आधी, कळस १५ अंश नंतर. मधला पल्ला ४९ अंशांचा. वेळ १.३६ मिलिसेकंद. हा पल्ला पक्का ध्यानात ठेवायचा, कारण नायट्रस घाव घालतो तो इथेच.

नायट्रस ऑक्साइड हा तोच वायू, जो जोसेफ प्रीस्टलीने १७७२ मध्ये वेगळा केला, हम्फ्री डेव्हीने १७९९ मध्ये ब्रिस्टलला स्वतः हुंगून बघितला आणि पुढे दातांच्या डॉक्टरांनी उचलला. तो स्वतः जळत नाही. दोन नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन असा त्याचा रेणू. वजनात ऑक्सिजन ३६ टक्के. हवेत तो २३ टक्के. इंजिनाची ताकद अडते ती पेट्रोलवाचून कधीच नाही. पेट्रोल हवं तितकं ओतता येतं. अडते ती ऑक्सिजनवाचून, आणि ऑक्सिजन कोंबायला जागा मर्यादित. आपलं इंजिन ६००० आरपीएमला कागदावर सेकंदाला २८७ लिटर हवा ओढतं. प्रत्यक्षात त्याच्या ८५ टक्के धरली, तर एका पिंपाहून जास्त वायू ओढून त्यातून पदरात पडतो फक्त ६७ ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन.

१०० अश्वशक्तीसाठी नायट्रस लागतो सेकंदाला साधारण ३८ ग्रॅम. त्यात ऑक्सिजन १४ ग्रॅम. एकदम पाचवा हिस्सा वाढला, आणि तोही इंजिनाचा एक नट न बदलता. त्याच्या जोडीला जास्तीचं पेट्रोलही वेगळ्या जेटमधून सोडावं लागतं. ३८ ग्रॅमची वाटणी ४०० ठिणग्यांत केली तर एका ठिणगीच्या वाट्याला ९५ मिलिग्रॅम येतात. एवढ्या चिमटीवर शंभर घोडे उभे असतात.

ऑक्सिजनखेरीज या वायूकडे आणखी एक पुंजी असते. त्याचा रेणू तुटतानाच उष्णता देतो: ४४ ग्रॅमला ८२ किलोज्यूल. सेकंदाला ३८ ग्रॅम तुटले तर ७१ किलोवॅट, पेट्रोलचा एक थेंबही हिशेबात न धरता. त्यातला थोडाच भाग चाकांपर्यंत पोचतो, पण तापायला सिलिंडरला सगळाच मिळतो. शिवाय दोन रेणू तुटून तीन होतात, दोन नायट्रोजनचे आणि एक ऑक्सिजनचा. म्हणजे नुसत्या संख्येनेही दाब चढतो. आणि त्या तिघांत ऑक्सिजनचा वाटा एक तृतीयांश, जिथे साध्या हवेत तो एक पंचमांश. ज्वाळेला वाटेत अडवणारा सुस्त नायट्रोजन कमी, खाद्य जास्त, भरण दाट. ती वेगाने पळते यात नवल नाही.

समजा, ती आठ टक्क्यांनी वेगवान झाली. मग ४९ अंशांचा पल्ला ४५ अंशांत आटोपतो. ठिणगी ३४ वरच ठेवली, तर कळस १५ ऐवजी ११ अंशांवर येतो. १५ अंशांवर पिस्टन माथ्यापासून २ मिलिमीटर उतरलेला असतो, ११ अंशांवर फक्त १ मिलिमीटर. या एका मिलिमीटरने, १०:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनात, वायूला मिळणारी जागा आठ टक्क्यांनी कमी होते. आधीच फुगलेला दाब आणखी चढतो, आणि क्रँक जवळजवळ सरळ उभा असल्याने तो ढकल फिरण्याच्या कामी येत नाही. तो सगळा पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगच्या बोडक्यावर बसतो. ठिणगी ४ अंश उशिरा, ३० वर पाडली की कळस परत १५ वर. बेच्या पाढ्यामागचं गणित हे एवढंच.

बोडक्यावर बसतो म्हणजे किती, तेही बघू. पिस्टनचा माथा ८१ चौरस सेंटिमीटरचा. नायट्रसशिवाय पूर्ण थ्रॉटलला आतला दाब ७० बारपर्यंत जातो असं धरलं, तर तळहाताएवढ्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर ५.८ टनांचा भार पडतो. सेकंदाला ५० वेळा. दाब ९० बारवर गेला की साडेसात टन. इथपर्यंत चांगलं घडवलेलं इंजिन निभावून नेतं. निभत नाही ते नॉकिंग.

ज्वाळा पुढे सरकते तसं कोपऱ्यात उरलेलं, अजून न पेटलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ज्वाळा पोचायच्या आत ते तापून तापून स्वतःच पेटलं, तर ते खरोखरच फुटतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहतात, या मापाच्या बोअरमध्ये सेकंदाला पाच-सहा हजार वेळा. नॉक सेन्सर कान देऊन ऐकतो तो हाच सूर. आतला जळता वायू २००० अंश सेल्सिअसच्या वर असतो आणि अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० ला. एरवी पिस्टन टिकतो, कारण त्याच्या पृष्ठभागाला चिकटून वायूचा एक पातळ, त्या मानाने गार थर असतो. नॉकिंगच्या लाटा तो थरच खरवडून काढतात. मग रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅस्केट उडतं, पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. दहा सेकंदांच्या एका धावेत ४००० ठिणग्या पडतात. सगळा नाश ओढवायला त्यांतल्या मोजक्याच बिघडल्या तरी पुरतं. आणि उघड्या सायलेन्सरच्या गडगडाटात ड्रायव्हरला ते ऐकूही येत नाही.

हा वायू आधी विमानात वापरला गेला, तेव्हा प्रश्न वेगळा होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या लुफ्तवाफेने जीएम-१ नावाची यंत्रणा काढली. दहा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम पाव असतो, सुपरचार्जरचाही दम संपतो. तिथे द्रवरूप नायट्रस इंजिनात सोडून हरवलेला ऑक्सिजन भरून काढायचे. रिकाम्या झालेल्या सिलिंडरमध्ये भर टाकणं होतं ते. ड्रॅग स्ट्रिपवर सिलिंडर आधीच काठोकाठ भरलेला असतो आणि त्याच्यावर आणखी ओतायचं असतं. म्हणून इथे टायमिंगचा एकेक अंश महाग पडतो. १९७६ च्या डेटोना ५०० मध्ये ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या पात्रता फेरीतल्या वेळा नायट्रसपायी रद्द झाल्या, तोवर हा प्रकार शर्यतवाल्यांत चांगलाच मुरला होता. दोनच वर्षांनी कॅलिफोर्नियात 'नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स' ही कंपनी निघाली. तिची निळी बाटली पुढे हॉलिवूडने घरोघरी पोचवली.

पडद्यावर जे दिसत नाही, ते त्या बाटलीचं तंत्र. १० पौंडांच्या म्हणजे साडेचार किलोच्या बाटलीत हा वायू द्रवरूपात असतो. एक लिटर द्रव मोकळा सुटला की ४०० लिटरहून जास्त वायू होतो. तो उकळतो उणे ८८ अंशांना, त्यामुळे सुटताना आजूबाजूची हवाही गार करतो. ट्यूनर बाटलीचा दाब ९०० ते ९५० पीएसआय, म्हणजे ६२ ते ६५ बार ठेवायला बघतात. त्यासाठी बाटलीला गरम करणारं वेष्टणही असतं. २० अंशांना हाच दाब ५१ बारच्या आसपास असतो. आणि ३६.४ अंशांच्या वर या वायूचा द्रव राहूच शकत नाही, कितीही दाबला तरी. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, ही बाटली डिकीत ठेवली तर आत द्रवही नसेल आणि साधा वायूही; दोन्हींच्या मधलं काहीतरी असेल, आणि दाब भलतीकडेच गेलेला असेल.

दाबाचा टायमिंगशी थेट संबंध आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत नायट्रस ६५ बारने येतो, तर त्याच्या जोडीचं पेट्रोल अर्ध्या बारहूनही कमी दाबाने. बाटली जास्त तापली की नायट्रस वाढतो, पेट्रोल तेवढंच राहतं. मिश्रण कोरडं पडतं, आणि कालपर्यंत बरोबर असलेले ४ अंश आज अपुरे ठरतात. अंश तेच, बाटलीचं हवामान बदललेलं.

याहून मोठा सापळा कमी आरपीएमला आहे. जेटमधून नायट्रस सेकंदाच्या हिशेबाने येतो. इंजिन किती फिरतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ६००० ला सेकंदाच्या ४०० ठिणग्यांत वाटले जाणारे ३८ ग्रॅम ३००० ला २०० ठिणग्यांत वाटले जातात. एकेका भरणात ९५ ऐवजी १९० मिलिग्रॅम. तीच १०० अश्वशक्ती ६००० ला क्रँकवर ११९ न्यूटन-मीटरचा पीळ वाढवते, ३००० ला २३७ चा. शिवाय तिथे ज्वाळेला प्रत्येक अंशामागे २८ ऐवजी ५६ मायक्रोसेकंद मिळतात, आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापायला दुप्पट सवड. म्हणून आरपीएम पुरेसे चढल्याशिवाय नायट्रसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडूच द्यायचा नाही, असा स्विच बसवतात. आणि टायमिंग आधी मागे गेलं पाहिजे, नायट्रस मागाहून आला पाहिजे. हा क्रम उलटला की पहिल्या काही ठिणग्या ३४ अंशांवरच पडतात.

पूर्वी हे काम डेल्को फिरवून कायमचं केलं जायचं. त्यात नायट्रस नसतानाही टायमिंग मागेच राहायचं. मग बटणाबरोबर अंश कमी करणारे डबे आले, आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आरपीएमगणिक वेगळा आकडा देतो. पाढाही सगळ्यांना एकच लागू पडत नाही. नव्या धाटणीच्या हेडमध्ये मिश्रण मुळातच लवकर जळतं, तिथे सुरुवात ३४ वरून होतच नाही. ड्रॅग रेसिंगच्या 'प्रो मॉड' वर्गातली नायट्रसवाली इंजिनं १५ लिटरच्या घरात आहेत. त्यांत नायट्रस टप्प्याटप्प्याने सुटतो, प्रत्येक टप्प्यागणिक टायमिंग उतरवतात, आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सहा सेकंदांच्या आत संपतो. तिथे हातात टायमिंग लाइट धरून भागत नाही.

तरीही शेवटचा निवाडा आजही प्लग देतो. धाव संपताच इंजिन बंद करायचं, प्लग काढायचा, भिंग लावायचं. प्लगच्या वाकड्या पायावर उष्णतेने रंग बदललेला एक पट्टा दिसतो. तो टोकाकडे असेल तर टायमिंग अजून मागे आहे; जितका बुडाकडे, आट्यांकडे सरकलेला, तितकं टायमिंग पुढे. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसले तर आत नॉकिंग सुरू झालंय. त्या ठिपक्यांत चकाकणारे कण दिसले, तर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम निघायला लागलंय. पुढची धाव घ्यायची नाही.

या सगळ्या आकड्यांत सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र तोट्याचा आहे. सर्वोत्तम जागेच्या आसपास टायमिंगचा आलेख सपाट असतो; चार-पाच अंश उशीर झाला तर पीळ शेकडा एक-दोनने घटतो. ४५० अश्वशक्तीत ते नऊच्या आतच. तेवढेच अंश घाई झाली, तर जाते ती टक्क्यांत मोजायची वस्तू नसते. पिस्टन, रॉड, कधी ब्लॉकही जातो. दोन्ही चुका मापाने सारख्या, पण त्यांची बिलं वेगवेगळ्या दुकानांत फुटतात. म्हणून शहाणा ट्यूनर पहिल्या धावेला पाढ्यापेक्षा दोन अंश जास्तच मागे जातो, प्लग बघतो, एक अंश पुढे येतो, पुन्हा बघतो. घड्याळात त्याला सेकंदाचा काही शतांश भाग कमी पडतो. शंभर घोड्यांच्या भाड्यात तेवढी सूट तो खुशीने सोडतो.